कोठवरी जाते हा उजेड

पंचफुलाबाई कोसरे, वय चोपन्न.
उजवं कोपर, बाहेरची बाजू.
कागदावर एवढंच.
कागदाला काय ठाऊक,
या कोपरावर पवनीपासून अड्याळपर्यंतची
किती वऱ्हाडं जेवून उठली.

कणीक सैल, जवळजवळ पाणीच.
ती तळव्यांत झेलते, झुलवते,
मनगटावरून खाली लोंबू देते
आणि उपड्या मडक्यावर टाकते,
एका रात्रीत चारशे.
लांब पोळीचं माप म्हणजे तिचा हात.
दुखणं नेमकं तिथं
जिथं पोळी संपते.

एक्स-रेच्या शेजारची खोली, पूर्वी इथं सलाइनची खोकी असत.
हिरव्या काचांचे दोन चष्मे,
एक तिला, एक मला.
"फोटोवाल्यावानी दिसून राह्यली तू,"
ती म्हणते, आणि स्वतः कशी दिसते ते विचारत नाही.

हाडाच्या उंचवट्याशी टोक टेकवते मी.
लाल ठिपका. टीं.
बोटभर खाली. टीं.
"गरम नाई होत व?"
नाही होत.
"चटका?"
तोही नाही.
ती हात जरासा मागं घेते.
पस्तीस वर्षं मडक्याच्या पाठीवर शिंतोडा मारून,
थेंब कसा नाचतो त्यावरून
तिनं विस्तव जोखलाय.
"ज्या उजेडाले आंच नाई
त्याचा काय भरोसा, बाप्पा?"

मी सांगते, ही कंडरा,
मांसाला हाडाशी बांधणारी दोरी,
ओढून ओढून तिचे पीळ उसवलेत.
शिकवलं होतं तसं सांगते,
मग जे कुणी जोरात शिकवलं नव्हतं तेही:
कोणाला गुण येतो, कोणाला येत नाही.
आणि हा लाल ठिपका नुसता खुणेचा आहे,
खरा उजेड डोळ्यांना दिसतच नाही.

"म्हंजे तूबी नाई पायला?"

मीही नाही पाहिला.

हे मात्र तिला पटतं, का कोण जाणे.
हात पुन्हा पुढं येतो.
"कोठवरी जाते हा उजेड?"
मी बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवते.
"येवढुसाच!"

तिसऱ्या दिवशी लाइन गेली.
मशीन मुकं, पंखा मुका,
बाहेर कोणीतरी कोणाला तरी चहा सांगत होतं.
ती उठली नाही.
घडी केलेल्या टॉवेलवर कोपर तसंच,
तळवा आभाळाकडं,
दुसऱ्याचं लेकरू मांडीवर घ्यावं
तशी ती आपल्या हाताकडं पाहत राहिली.
वीस मिनिटं.
मी धरून होते मनगट, उगीच,
नाडी मोजत असल्यासारखी.

घरी करायला व्यायाम दिला:
अर्ध्या किलोचं वजन, हळू खाली सोडायचं.
तिनं बत्ता घेतला.
"वर उचलाले दुखत नाई बाई,
खाली सोडालेच दुखते."
हे वाक्य मी फाइलीत लिहून ठेवलं,
लिहायला जागा नव्हती तरी.

सहा खुणा. सातवी चौकट कोरी.
तुळशीचं लग्न लागलं आणि ती यायची थांबली.

पौषाच्या आधी आसगावला एका लग्नात
मांडवामागं तीन चुली दिसल्या,
धुरात ती, कोपराला मी दिलेला काळा पट्टा,
पिठानं पांढरा झालेला.
भाचसून कणीक आपटत होती.
मला पाहून ती बोलली नाही.
हातावरची पोळी चुलीसमोर धरली फक्त,
एवढी पातळ की पलीकडचा जाळ
पोळीतून इकडं आला,
आणि जाळात तिची पाचही बोटं.
"पाय," ती म्हणाली. "कोठवरी जाते."

दुखतं का अजून? मी विचारलं.

"तू जेवली का?"

चार घड्या घालून
तिनं माझ्या ताटात पोळी टाकली.
सगळी कशी मलमलीसारखी,
एक कड तेवढी जाड राहिलेली,
कोपराकडची.
मी तीच आधी खाल्ली.